हशासाठी सोडलेली जागा

ट्रूडीशी बोलायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत डोकं फिरायचं. बाई वाक्य संपवायची आणि थांबायची. नुसती थांबायची नाही; हनुवटी जरा वर, एक भुवई चढलेली, हातातला कप जिथं असेल तिथंच. आपल्याला वाटावं, आता आपण काहीतरी बोलायचंय. आपण तोंड उघडावं, तोच हिचं पुढचं वाक्य सुरू. आपण गप्प. ती पुन्हा थांबणार, आपण पुन्हा तोंड उघडणार, ती पुन्हा सुरू. पहिल्या भेटीनंतर मी अविनाशला म्हटलं, "ही शेजारीण आहे की शिवाशिवीचा खेळ?"

अविनाश माझा नवरा. आयर्लंडमधल्या एनिसच्या हॉस्पिटलात डॉक्टर. नव्वदचं दशक संपता संपता आम्ही नागपूरहून तिथं गेलो. तो रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचा डॉक्टर म्हणून लागला आणि रजिस्ट्रारच राहिला. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं पुढे सरकत होती आणि हा जिथल्या तिथं. मी नागपुरात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवायचे. पण माझ्या पासपोर्टावरच्या शिक्क्यात नोकरी बसत नव्हती. दिवसभर घर, खिडकीबाहेर पाऊस, मांडीवर आमची लेक सई. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यात ही!

पहिल्यांदा आली ती मागच्या दाराने. आमचं स्वयंपाकघर मागच्या अंगणात उघडायचं आणि तिचं अंगण त्याला लागून. टकटक नाही, हाक नाही. मी कणीक मळत होते. धाडकन दार उघडलं, लाल रेनकोटातली एक उंच, हाडकुळी बाई आत आली, म्हणाली, "उठू नका, मी थांबत नाहीये!" आणि आमच्या घरातल्या एकुलत्या एक धड खुर्चीत जी बसली, ती अविनाश घरी आल्यावर उठली. बोलायची अर्थात इंग्रजीत, अमेरिकन इंग्रजीत. मी आपलं माझ्या मराठीत सांगतेय. वयाने माझ्या आईएवढी असेल, पण सईने तिला आजी म्हणावं असं मी सुचवलं तर खवळली. "ट्रूडी म्हण. आजीच्या भूमिका मी घेत नाही." आणि थांबली. भुवई वर. मी तोंड उघडलं. ती पुढे बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन टॉमने उलगडा केला. "तुला माहीत नाही? अगं, ती टीव्हीवरची ट्रूडी!"

सत्तरच्या दशकात अमेरिकेत एक विनोदी मालिका चालली होती. स्टुडिओत समोर प्रेक्षक बसवून करायचे. घरी टीव्हीवर ऐकू यायचं ते हसणं त्या बसलेल्या माणसांचं. मालिकेत एक कुटुंब, आणि वरच्या मजल्यावर राहणारी एक आगाऊ शेजारीण. दर भागात ती न विचारता स्वयंपाकघराच्या दारातून आत यायची, "उठू नका, मी थांबत नाहीये!" म्हणायची आणि सगळ्यात चांगल्या खुर्चीत ठाण मांडून शेवटपर्यंत बसायची. बस्स, एवढंच काम. पण ते वर्षानुवर्षं चाललं आणि आयर्लंडच्या टीव्हीने पुन्हा पुन्हा दाखवलं. त्यामुळे एनिसमध्ये खाटकाच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, अगदी चर्चच्या पायरीवरही लोक तिला बघून ओरडायचे, "थांबत नाहीस ना, ट्रूडी?" आणि स्वतःच हसायचे. ती त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबायची, मग काहीतरी टोला हाणायची आणि पुढच्या हशासाठी पुन्हा थांबायची. मग गाडीत बसली की स्टिअरिंगवर मूठ आपटायची.

"मी न्यूयॉर्कला नाटकांत राणी केलीय, वासू," ती मला म्हणायची. मी वसुधा, पण तिच्या तोंडी वासू. "विधवा केलीय. पोटचं पोर गमावलेली आई केलीय. लोक ओक्साबोक्शी रडायचे. ते कुणाला आठवतं? एका आठवड्याचं काम म्हणून त्या स्वयंपाकघरात शिरले, लोक हसले, आणि दार बाहेरून बंद झालं."

तिचं सगळं चरित्र मला असंच, पोळ्या लाटता लाटता, तुकड्यातुकड्याने कळलं. ओहायोत बाप बस चालवायचा. दोन लग्नं झाली, दोन्ही नवरे गेले. त्यांच्याबद्दल ती फार बोलायची नाही. मालिका संपली तेव्हा तिला एका सिनेमात नर्सचं काम मिळालं. दारातून बाहेर यायचं आणि वाट बघत बसलेल्या बायकोला सांगायचं की तुझा नवरा गेला. सिनेमा आधी थोड्या लोकांना दाखवला, तर ही दारात दिसली मात्र, सगळे हसले. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं. तो प्रसंग कापून टाकला. त्यानंतर काम मागायला जाईल तिथं लोक आधी हसायचे, मग सॉरी म्हणायचे. शेवटी कंटाळून ती आजीच्या गावाला, इकडे क्लेअर परगण्यात निघून आली. इथं कोण ओळखणार, असं वाटलं होतं तिला. शॅनन विमानतळावर पासपोर्टावर शिक्का मारणाऱ्या माणसाने वर बघितलं आणि विचारलं, "थांबत नाहीस ना?"

हे सांगताना ती थांबली आणि मी हसले. हसूच आलं, काय करणार!

"बघ," ती म्हणाली, "तूसुद्धा."

तिच्या सवयी एकेक. चहा काळा प्यायची आणि आयरिश चहाला नावं ठेवायची. कपाटाला तिथं प्रेस म्हणतात याचा तिला जातिवंत राग होता. त्याहून जास्त राग 'ग्रँड' या शब्दाचा, म्हणजे तिथलं 'छान चाललंय'. "कसं आहे? ग्रँड. पाऊस कसा? ग्रँड. घर जळतंय! ग्रँड, ग्रँड." दुपारी तिची मालिका लागली की ती टीव्ही लावायची, पण आवाज बंद करून. मी विचारलं, अशी मुकी मालिका कशाला बघतेस? म्हणाली, "मला मी बघायची असते. ते लोक ऐकायचे नसतात." पण मी तिचं तोंड बघायचे ना! पडद्यावरची ट्रूडी ज्या ज्या ठिकाणी थांबायची, त्या त्या ठिकाणी ही खुर्चीतली ट्रूडी श्वास धरायची.

तिथंच माझी ट्यूब पेटली. नागपूरला कॉलेजात असताना मी हौशी नाटकांत काम करायचे, बक्षीसही मिळवलंय. आमचे दिग्दर्शक तालमीत घसा फोडून ओरडायचे, "हशा आला की थांब! उतरायला लागला की पुढचं वाक्य टाक! वाक्य हशात बुडवू नकोस!" ही तेच करत होती. दूधवाल्याशी, माझ्याशी, बँकेतल्या पोरीशी बोलताना, प्रत्येक वाक्यानंतर हशासाठी जागा सोडत होती. मी तिला तसं सांगितलं. बाईचा चेहरा पडला.

"मी असं करते?"

"नेहमी."

"आत्ताही केलं?"

"आत्ता नाही. आत्ता तू घाबरलीस म्हणून."

तिला खरंच माहीत नव्हतं. कसं माहीत असणार! एनिसमधली माणसं ती जागा लगेच हसून भरून काढायची, मग जागा राहिली होती हे कळणार कुणाला? तिने आपलीच भुवई बोटाने चाचपली. मग म्हणाली, "मला एकदाच, वासू, एकदाच असं हवंय की मी बोलावं आणि सभागृहात कुणी खोकूसुद्धा नये. मग मी मरायला मोकळी."

आता क्लेअरमधल्या नाटकांबद्दल सांगायला हवं. तिथं गावोगाव हौशी नाटकमंडळ्या असतात. शेतकरी, मास्तर, नर्स, दुकानदार असे सगळे हिवाळाभर तालमी करतात आणि ईस्टरच्या आधी एकमेकांच्या गावच्या हॉलमध्ये जाऊन स्पर्धेत नाटक करतात. आपल्याकडे परीक्षक निकाल लावतात आणि पसार होतात. तिथं नाही. नाटक संपलं की परीक्षक स्वतः रंगमंचावर चढतो आणि सगळ्या प्रेक्षकांसमोर, नटांच्या तोंडावर, कोण कसं झालं ते सांगतो. एकही माणूस जागचा हलत नाही. पुष्कळजण तर नाटकापेक्षा तेच ऐकायला येतात.

आमच्या भागातली मंडळी चालवायची मॉरीन. औषधांचं दुकान तिचं, आवाज पोलिसाचा. ट्रूडी तिथं राहायला आल्यापासून मॉरीन तिच्या मागे लागली होती, आणि दर वर्षी हातात एखादं विनोदी नाटक. ट्रूडी दर वर्षी नाही म्हणायची. एका हिवाळ्यात मॉरीनने वेगळंच नाटक काढलं. तिथल्याच एका जुन्या शाळामास्तरांनी लिहिलेलं, अंगावर येणारं. एक म्हातारी आई. मुलगा मजुरीला परदेशी गेला तो परतलाच नाही, जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नाही. ती रोज रात्री त्याचं ताट वाढते. शेवटच्या अंकात त्याच्या रिकाम्या खुर्चीशी बोलते. ट्रूडी औषधाच्या दुकानात गेली आणि म्हणाली, ही आई मला दे, नाहीतर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस. मॉरीनने दिली. तिकिटं खपतील म्हणून दिली, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण म्हटलं, दिली ना, मग कशाला तोंड उघडा.

ट्रूडी धावत आमच्याकडे आली. "उठू नकोस, मी थांबत नाहीये" म्हणून बसली आणि माझ्या हातातल्या लाटण्याकडे बोट दाखवलं. "ते घेऊन समोर बस. मी थांबले की आपट."

तो अख्खा हिवाळा आम्ही तेच केलं. ती खुर्चीशी बोलायची, मी पोळपाटावर लाटणं घेऊन समोर. ती थांबली की ठक्! ती दचकून पुढे. पुन्हा थांबली, पुन्हा ठक्! सुरुवातीला तर नुसता सुताराचा कारखाना. अविनाश म्हणायचा, अगं, वरच्या खोलीत नाइट ड्यूटी करून आलेला माणूस झोपलाय! सई त्या ठकठकीला इतकी सरावली की शाळेतून आली की दारातूनच विचारायची, "इज ट्रूडी स्टिल स्टॉपिंग?" एका वाक्यावर सगळं अडायचं. ते असं होतं:

"रोज तुझं ताट वाढते, मायकेल. रोज कुत्रं जेवतं. उद्याही वाढीन."

आता बघा, 'रोज कुत्रं जेवतं' म्हणून लगेच 'उद्याही वाढीन' म्हटलं तर ऐकणारा रडतो. पण 'रोज कुत्रं जेवतं' म्हणून नुसतं एवढंसं थांबलं, की झाला विनोद! ट्रूडीची भुवई तिथं हमखास चढायची. मी लाटणं आपटून आपटून पोळपाटाचा एक पाय मोडला. मग हळूहळू ती जागा आक्रसली. एक दिवस ती तिन्ही वाक्यं एका दमात म्हणून गेली आणि माझ्या हातातलं लाटणं हातातच राहिलं. ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली.

स्पर्धा शेजारच्या गावात होती. हॉलमध्ये ओल्या कोटांचा वास, लोखंडी खुर्च्या, मागे चहाच्या मोठाल्या किटल्या. मी प्रॉम्प्टिंगला विंगेत. सुपरमार्केटमधून आणलेला नारळ मी हॉलमागच्या पायरीवर फोडला, तर तिथला रखवालदार माझ्या अंगावर धावून आला. म्हटलं, ओरड बाबा, आज काहीही ओरड.

ट्रूडीने एक शहाणपणा केला होता. मॉरीनला ठणकावून सांगितलं होतं की मी दारातून येणार नाही. पडदा उघडेल तेव्हा मी आधीच चुलीपाशी बसलेली असेन. तसंच झालं आणि दोन अंक असे गेले म्हणून सांगू! हॉल चिडीचूप. पण तिसऱ्या अंकात कुत्र्याला हाक मारायला म्हातारी अंगणात जाते आणि परत येते. तेवढं एक येणं दारातूनच होतं. ट्रूडी ते काढून टाक म्हणत होती, मॉरीन ऐकेना. "मास्तरांनी लिहिलंय, मी कशी काढू?"

ट्रूडी दारातून आत आली. मागच्या रांगेतून कुणीतरी गंमत म्हणून ओरडलं, "थांबत नाहीस ना, ट्रूडी?"

हॉल फुटला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो, तेच तर दुर्दैव. आपल्या माणसाची थट्टा करावी तशी केली. पण मी विंगेतून तिचे खांदे बघत होते. ते इतका वेळ म्हातारीचे होते, ते एका क्षणात सरळ झाले. ती हशा संपायची वाट बघत उभी राहिली. अगदी हवा तेवढाच वेळ. मग ताटापाशी आली. "रोज तुझं ताट वाढते, मायकेल. रोज कुत्रं जेवतं."

आणि थांबली. हनुवटी वर. भुवई.

मी विंगेतून जीव तोडून कुजबुजले, "उद्याही वाढीन! उद्याही वाढीन!" तिला ऐकू गेलं, मला माहीत आहे, कारण तिचे डोळे माझ्याकडे वळले. पण तिचे कान समोर होते. आणि समोरून हशा आला. असा आला की पहिल्या रांगेतला फादर हसता हसता खुर्चीत पुढे वाकला. त्यानंतर प्रत्येक वाक्याला हशा. म्हातारी रिकाम्या खुर्चीपाशी कोसळते, त्यालासुद्धा. माझ्याकडे लाटणं नव्हतं. असतं तर मी ते प्रेक्षकांत भिरकावलं असतं.

मग परीक्षक वर चढला. पांढऱ्या दाढीचा, अगदी सभ्य गृहस्थ. म्हणाला, इतक्या काळोख्या नाटकातला दडलेला विनोद शोधून काढायला धैर्य लागतं आणि असं टायमिंग हौशी रंगमंचावर मी पाहिलेलं नाही. ट्रूडीला विनोदी अभिनयाचं पारितोषिक. मॉरीन उड्या मारतेय, लोक शिट्ट्या वाजवतायत. ट्रूडी पुढे आली, बक्षिसाचा पेला घेतला, काहीतरी बोलली, थांबली, लोक हसले.

मला रागाने रडू आलं. चहाच्या वेळी, हॅम सँडविचच्या गर्दीत, मी संहिता घेऊन त्या परीक्षकाला गाठलं. म्हटलं, "हे वाक्य विनोदी नाहीये."

तो म्हणाला, "पण बाई, सगळे हसले ना?"

मी अजून काही बोलणार, तर ट्रूडीने मागून माझा दंड धरला. "सोड त्याला. तो खोटं बोलत नाहीये. मी जागा दिली, वासू. लोक सभ्य आहेत, दिलेली जागा भरतात." तेवढ्यात कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "यू वेअर ग्रँड!" मला वाटलं आता ही त्याच्या डोक्यात पेला घालते. पण ती फक्त म्हणाली, थँक यू.

तो पेला तिने दुसऱ्या दिवशी आणून सईला दिला. सईने त्यात रंगीत पेन्सिली ठेवल्या. नाटकाचं नाव ट्रूडीने पुन्हा काढलं नाही आणि मॉरीनच्या दुकानाऐवजी ती औषधं आणायला दूर लिमरिकला जायला लागली. मी म्हणायचे, अगं, पुन्हा करू, मी परत बसते लाटणं घेऊन! ती म्हणायची, "जाऊ दे ना." जाऊ दे काय! मला हे 'जाऊ दे' ऐकलं की संताप यायचा. अविनाशही त्या दिवसांत नोकरीबद्दल तेच म्हणायचा.

मध्ये एकदा अमेरिकेतून फोन आला. त्या जुन्या मालिकेतले उरलेसुरले नट एकत्र आणून एक खास भाग करायचा होता. ट्रूडी नाही नाही म्हणत गेली. तोपर्यंत मला कामाची परवानगी मिळाली होती आणि मी एका ऑफिसात, फिजिक्सशी काडीचाही संबंध नसलेल्या कामाला, जायला लागले होते. संध्याकाळी घरी आले तर ही आमच्या स्वयंपाकघरात, रेनकोटासकट. अमेरिकेहून नुकतीच परतलेली आणि धुमसत असलेली.

"तेच स्वयंपाकघर बांधलं होतं, वासू. तेच दार. मी दार उघडलं, म्हटलं, उठू नका, मी थांबत नाहीये. आणि थांबले. काही नाही! कुणी हसेना! मी थांबलेय, थांबलेय. मला वाटलं, गेलं, माझं तेवढंही गेलं. आणि तो कालचा पोरगा, दिग्दर्शक, म्हणतो, मॅम, थांबू नका, हसणं आम्ही नंतर मशीनने घालतो."

ती थांबली. मी हसले नाही. मला कळेना हसावं की रडावं.

"बघ ना," ती म्हणाली, "आयुष्यभर शांतता मागितली. मिळाली ती तिथं."

त्यानंतर तिने टीव्हीच काढून टाकला. टॉमला देऊन टाकला, फुकट.

दोन हजार सातचा वसंत. ट्रूडी वाळत चालली होती. मला वाटायचं, वय. अविनाशला कळलं होतं, पण डॉक्टर घरी येऊन बोलत नाहीत. सईला ईस्टरची सुट्टी, मी रजेवर; एका गुरुवारी मी पोळ्या करत होते, दार उघडलं. तोच लाल रेनकोट, आता तिला दोन मापं मोठा झालेला. "उठू नकोस, मी थांबत नाहीये." आणि नेहमीच्या खुर्चीत बसली. मी तिच्यासमोर काळा चहा ठेवला.

"ओहायोला जातेय. बहिणीकडे. घर विकायला काढलंय."

"का गं? असं अचानक?"

"पोटात आहे. पसरलंय. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा बघशील." चहाचा घोट घेतला. "आयरिश उन्हाळा धरला, तर तो एका मंगळवारपुरता असतो."

आणि थांबली. कप हवेत, हनुवटी वर, भुवई चढलेली. मरणाची बातमी सांगून बाई हशासाठी थांबली होती!

मला काय झालं ते मला माहीत नाही. हातात लाटणं होतं. मी ते पोळपाटावर दाणकन आपटलं. ठक्!

ती दचकली. कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या खुर्चीकडे, जिथं अविनाश बसतो, ती रिकामी होती. आणि ती बोलायला लागली. आईचं सगळं भाषण, शेवटच्या अंकातलं, पहिल्या शब्दापासून. उठली नाही, हात हलवले नाहीत, आवाज चढवला नाही. पातळ झालेला आवाज, पण एकही शब्द गळला नाही. मी लाटणं उचलून धरलं होतं, ते मला खाली आणायची वेळच आली नाही. "रोज तुझं ताट वाढते, मायकेल. रोज कुत्रं जेवतं. उद्याही वाढीन." भुवई जागच्या जागी. ती पुढे गेली, शेवटापर्यंत गेली. तव्यावरची पोळी काळी होऊन धूर करायला लागली, मला गॅस बंद करायचं सुचेना.

संपलं. सई वरच्या खोलीत होती, तीही कशी कोण जाणे गप्प होती. बाहेर गाडी नाही, पाऊस नाही. ट्रूडी ती शांतता ऐकत बसली. मी तिला कधी असं बसलेलं बघितलं नव्हतं, पुढचं वाक्य आपलं असल्यासारखं नाही, तर आपलं काम संपल्यासारखं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला एवढं वाईट वाटत होतं, एवढा राग येत होता, की हे बघायला इथं कुणी नाही. मॉरीन नाही, तो दाढीवाला नाही, हॉल नाही, पहिल्या रांगेतला फादर नाही. मी एकटी, आणि तीही कणकेच्या हातांची.

"ट्रूडी," मी म्हटलं, "हे त्यांना दिसायला हवं होतं गं."

"तुला दिसलं ना?"

मी मान हलवली.

"मग झालं." ती टेबलाला धरून उठली. मी हात द्यायला पुढे झाले, तर तिने पंजा वर केला. "उठू नकोस. मी थांबत नाहीये."

आणि दार उघडून ती बाहेर पडली. हे वाक्य बोलून ती खरंच गेली, अशी ती पहिलीच वेळ.

मी खिडकीशी गेले. ती आमच्या अंगणातून रस्त्यावर निघाली होती. समोरून टॉम येत होता, खांद्यावर पत्रांची पिशवी. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! त्याने लांबूनच हात केला आणि ओरडला, "थांबत नाहीस ना, ट्रूडी?" आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसायला लागला.

मी तिच्या हनुवटीकडे बघत राहिले. ती वर झाली नाही. टॉम अजून हसतच होता, आणि त्याचं हसणं संपायची वाट न बघता ट्रूडी त्याच्या बाजूने पुढे चालत गेली.